खरी किती, आणि कशावरून?

अमेरिकेत एखादी जुनी मसल कार विकायला निघाली, की जाहिरातीत इंजिन आणि रंग यांच्याही आधी एक आकडा येतो. या रंगाच्या, या गिअरबॉक्सच्या, उघड्या छताच्या फक्त सात गाड्या बनल्या, असं सांगितलं जातं. कधी दावा त्याहून मोठा असतो, ही जगातली एकमेव गाडी आहे असा. हे आकडे बहुतेक वेळा खोटेही नसतात. तरीही निव्वळ अशा आकड्यावर विसंबून लाखो डॉलर मोजणारा माणूस फसण्याची शक्यता मोठी असते. किती बनल्या, हा प्रश्न किमतीच्या हिशेबात बराच उशिरा येतो. त्याआधी अशी गाडी मुळात कुणाला हवी आहे, हे बघावं लागतं. आणि समोर उभी असलेली गाडी जे असल्याचं सांगितलं जातंय तेच आहे, हे कशावरून, याचं उत्तर मिळवावं लागतं. माझ्या मते या व्यवहारात सर्वांत मोठी किंमत या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराला मिळते. ज्या दुर्मिळतेचा पुरावा देता येत नाही, ती बाजाराच्या लेखी नसल्यात जमा.

मसल कारचा काळ तसा अगदी थोडका. १९६४ साली पाँटिॲकने आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन बसवून जीटीओ बाजारात आणली. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा पाँटिॲकची मालक असलेल्या जनरल मोटर्सचा तेव्हा अंतर्गत दंडक होता. पाँटिॲकचे जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकारी इंजिनिअरांनी त्याला बगल दिली. जीटीओ हे वेगळं मॉडेल म्हणून न दाखवता जादा पैसे देऊन घ्यायचं पॅकेज म्हणून त्यांनी विकलं. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गाड्या खपल्या आणि डेट्रॉइटच्या बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेला लागल्या. स्वस्त बॉडी, प्रचंड इंजिन, तरुण गिऱ्हाईक, हे समीकरण सहा-सात वर्षं जोरात चाललं. मग अशा गाड्यांच्या विम्याचे हप्ते भडकले, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७१ मध्ये जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं आणि १९७३ च्या तेलबंदीने उरलीसुरली हवा काढून घेतली. म्हणजे ज्या गाड्यांसाठी आज झुंबड उडते, त्या जेमतेम एका दशकात बनल्या. त्या बनवताना पुढे कुणी त्यांची नोंद शोधत बसेल, असं कारखान्यात कुणाच्या मनातही नव्हतं.

आता ‘एकमेव’ या दाव्याकडे वळू. त्या काळी गिऱ्हाईक डीलरकडे बसून यादीतून गाडी जुळवत असे. समजा, एका मॉडेलला पंधरा रंग, आतल्या बैठकीचे पाच प्रकार, तीन गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचे चार रेशो आहेत. शिवाय रेडिओ, घड्याळ, पॉवर ब्रेक अशा दहा गोष्टी हव्या तर घ्या, नको तर सोडा. एवढ्यावरच वेगवेगळ्या जुळण्या होतात ९ लाख २१ हजार ६००. मॉडेलच्या गाड्या बनल्या वीस हजार. लोकांच्या आवडी एकसारख्या असतात, लाल आणि काळा रंग पुन्हा पुन्हा मागितला जातो, हे मान्य केलं तरी त्या वीस हजारांतल्या हजारो गाड्या कुठल्या ना कुठल्या अर्थाने एकमेव ठरणारच. घड्याळ घेतलं पण रेडिओ घेतला नाही, म्हणून गाडी एकमेव झाली, तर त्या एकमेवपणाला कोण पैसे देणार? हा दावा तपासायची एक साधी रीत आहे. वर्णनातला एकेक शब्द काढून पाहावा आणि तो गेल्याने घेणाऱ्याचा हात आखडतो का ते बघावं. १९७० सालची प्लिमथ हेमी कूडा कन्व्हर्टिबल घ्या. अशा गाड्या बनल्या चौदा. त्याच वर्षीच्या बंद छताच्या हेमी कूडा साडेसहाशेच्या आसपास. इथे ‘हेमी’ हा शब्द काढला, म्हणजे अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचं ४२६ घनइंचांचं ते सात लिटरचं इंजिन काढलं, तर किंमत कोसळते. ‘कन्व्हर्टिबल’ काढला तरी मोठा फरक पडतो. चौदा हा आकडा वजनदार आहे तो यामुळे, की त्यातला प्रत्येक शब्द लोकांना हवा आहे.

दुर्मिळता कशी घडली, हेही बघावं लागतं, कारण पुष्कळदा ती अपयशातून घडलेली असते. इलिनॉय राज्यातल्या ला हार्प या छोट्या गावातले शेव्हरोले डीलर फ्रेड गिब यांना ड्रॅग शर्यतींसाठी एक खास कॅमेरो हवी होती. शर्यतीच्या नियमाप्रमाणे किमान पन्नास गाड्या बनायला हव्या होत्या. त्यांनी १९६९ च्या मॉडेलच्या पन्नास गाड्यांची ऑर्डर दिली. तीही नेहमीच्या यादीतून नव्हे, तर कंपनीच्या मध्यवर्ती कचेरीच्या, सीओपीओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विशेष वाटेने. गाडीत झेडएल१ हे ४२७ घनइंचांचं पूर्ण ॲल्युमिनियमचं इंजिन होतं. एकट्या इंजिनाचे जादा ४,१६० डॉलर लागत, म्हणून गाडी सात हजार डॉलरच्या वर गेली. साध्या कॅमेरोच्या दुपटीहून जास्त पैसे मोजून ती घेणार कोण? गिब यांनी न खपलेल्या ३७ गाड्या कंपनीला परत केल्या आणि त्या इतर डीलरांकडे वाटल्या गेल्या. एकूण ६९ झेडएल१ कॅमेरो बनल्या. १९७० च्या प्लिमथ सुपरबर्डचंही असंच झालं. नॅसकारच्या शर्यतीत उतरता यावं म्हणून निमुळतं नाक आणि डिकीवर उंच पंख लावून सुमारे १,९०० गाड्या रस्त्यावर विकायला काढल्या. त्या इतक्या पडून राहिल्या की काही डीलरांनी नाक आणि पंख उतरवून त्यांची साधी रोड रनर केली आणि विकून टाकली. त्या वेळी नको असलेली ही गाडी आज हवीशी झाली, यावर आक्षेप येतो की मग मागणी ही लहरच ठरली, तिच्यावर हिशेब कसा उभा करायचा? मला तो पटत नाही. १९६९ साली लोकांनी झेडएल१ नाकारली ती तिची किंमत आणि रोज चालवण्यातला त्रास बघून. तिच्या वेगाबद्दल तेव्हाही कुणाला शंका नव्हती. रोज वापरायचा प्रश्न मिटल्यावर उरला तो शर्यतीतला पराक्रम, आणि आजची मागणी त्यालाच आहे.

आता पुराव्याकडे. या बाबतीत सगळ्या कंपन्या सारख्या नाहीत आणि किमतीतले निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात. प्लिमथच्या १९७० च्या गाडीचा ओळख क्रमांक समोरच्या काचेतून वाचता येतो. तो बीएस२७आर०बी असा सुरू झाला तर बी म्हणजे बॅराकूडा, एस म्हणजे तिची कूडा ही वरची श्रेणी, २७ म्हणजे कन्व्हर्टिबल, आर म्हणजे ४२६ हेमी, शून्य म्हणजे १९७० आणि शेवटचा बी म्हणजे हॅमट्रॅमिकचा कारखाना. कुठलं इंजिन घालून गाडी कारखान्यातून निघाली, हे क्रमांकातच आहे. शेव्हरोलेच्या त्याच वर्षीच्या शेव्हेलचा क्रमांक मात्र १३६३७ ने सुरू होतो आणि एवढंच सांगतो की ही आठ सिलिंडरांची मॅलिबू आहे, बंद छताची. त्यात ३०७ घनइंचांचं साधं इंजिन होतं की ४५० अश्वशक्तीचं एलएस६, यावर तो क्रमांक गप्प. सुपर स्पोर्ट हे नाव त्या वर्षी पॅकेजच होतं, त्यामुळे तेही क्रमांकात नाही. शेव्हेलची भावंड एल कॅमिनो धरून एलएस६ इंजिनाच्या ४,४७५ गाड्या बनल्या, असा आकडा सर्वत्र दिला जातो. पण त्यातली एखादी ओळखायला गाडीच्या क्रमांकाचा काडीचा उपयोग नाही. म्हणूनच खोट्या हेमी कूडापेक्षा खोटी एलएस६ शेव्हेल बनवणं कितीतरी सोपं, आणि म्हणूनच शेव्हेल घेणाऱ्याला कागद जास्त बारकाईने वाचावे लागतात. फोर्डचं पुन्हा निराळं. १९६७ पासूनच्या गाड्यांच्या उत्पादनाची फोर्डची नोंद टिकून आहे आणि केव्हिन मार्टी यांच्या संस्थेमार्फत कुठल्याही मस्टँगचा अहवाल मिळतो. पाँटिॲकच्या बिलांच्या नोंदीही अशाच मिळतात.

जिथे नोंद नाही तिथे लोखंडाला विचारावं लागतं. शेव्हरोलेच्या मोठ्या व्ही-आठ इंजिनावर, पुढच्या बाजूला उजव्या सिलिंडर हेडच्या खाली, ब्लॉकची एक छोटी सपाट पट्टी बाहेर आलेली असते. त्यावर दोन वेगवेगळ्या वेळी ठोकलेले अंक असतात. एका ओळीत इंजिन कुठल्या कारखान्यात जुळलं त्याचं अक्षर, मग महिना, तारीख आणि शेवटी इंजिनाचा सांकेतिक गट. १९७० च्या शेव्हेलमध्ये चार गिअरच्या एलएस६ साठी तो सीआरव्ही असायचा. दुसऱ्या ओळीत ज्या गाडीत इंजिन बसलं तिच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे. हे आकडे गाडीशी जुळले म्हणजे काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरी तपासणी त्यानंतर सुरू होते. ब्लॉक ओतला त्याची तारीख बाजूला ओतीव अक्षरांत असते. ती जुळणीच्या तारखेच्या आधीची हवी आणि जुळणीची तारीख गाडी बनल्याच्या तारखेच्या आधीची. ओतकाम आणि गाडी यांच्यात काही आठवडे गेले तर ठीक, तारखा उलट्या पडल्या तर प्रकरण संपलं. आता भिंग घेऊन ती पट्टी बघायची. कारखान्यात तो पृष्ठभाग ब्रोच नावाच्या यंत्राने तासला जाई. त्याचे केसासारखे बारीक समांतर चरे पुढून मागे गेलेले दिसतात आणि ठोकलेले अंक त्या चऱ्यांवर बसलेले असतात. कुणी जुने अंक घासून नवे ठोकले असतील तर हे चरे मिटलेले असतात किंवा पॉलिश पेपरचे आडवेतिडवे ओरखडे दिसतात. अंकांची खोली आणि ओळीचा तिरकेपणाही बोलतो. कारखान्यातला कामगार घाईत असायचा. फारच नेटके, समान खोलीचे आकडे पाहून जाणकार खूश होत नाही, सावध होतो.

यातही घाईने निकाल देण्यात अर्थ नाही. या गाड्या शर्यतीत पिळल्या गेल्या, इंजिनं फुटली आणि वॉरंटीत बदलून मिळाली. शेव्हरोलेच्या अशा बदली ब्लॉकवर सीई ही अक्षरं ठोकलेली असतात. त्या गाडीचे अंक जुळत नाहीत, पण ती खोटीही नाही. उलट वॉरंटीचा कागद सोबत असेल तर तिचा इतिहास जुळवून आणलेल्या गाडीपेक्षा कितीतरी स्वच्छ. बाजार अशा गाडीला मूळ इंजिनवाल्या गाडीइतके पैसे देत नाही, हे रास्तच. पण घासून ठोकलेल्या इंजिनावर मूळ इंजिनाचे पैसे मोजणाऱ्याने सीईवाल्या प्रामाणिक गाडीकडे पाठ फिरवावी, ही मला या बाजारातली मोठी चूक वाटते.

इंजिनाइतकंच बॉडीलाही विचारावं लागतं. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे छोटे गोल खळगे ठरावीक अंतरावर दिसतात. नंतर पत्रा बदलला असेल तर तिथे फुगीर, घासलेले टाके सापडतात. रंगाची जाडी मोजायचं हातात मावणारं यंत्र पुट्टीचा थर लगेच दाखवतं. जनरल मोटर्सच्या गाड्यांत ओळख क्रमांक असलेल्या पट्टीचे, म्हणजे क्रमांकपट्टीचे रिवेट फुलाच्या आकाराच्या डोक्याचे असत, ते बदललेले दिसले तर पुढे बोलायचंच नाही. आज पहिल्या पिढीच्या कॅमेरोची आणि मस्टँगची कोरी करकरीत बॉडी डायनाकॉर्न कंपनीकडून विकत मिळते. कुजलेल्या गाडीची फक्त क्रमांकपट्टी काढून अशा बॉडीवर लावायची आणि जुनी गाडी दुरुस्त केली म्हणायचं, असे प्रकार होतात. अमेरिकेत क्रमांकपट्टीशी छेडछाड हा फेडरल गुन्हा आहे, तरी होतात. कागदही छापून मिळतात. म्हणूनच कुठलाही एक पुरावा पुरत नाही. कागद, पट्टी, ओतकामाची तारीख, पत्रा, मालकांची साखळी, हे सगळं एकमेकांशी न भांडता एकच गोष्ट सांगतंय का, हे पाहावं लागतं. शेतजमीन घेणारा सातबारा हातात आल्यावरही फेरफार काढतो आणि बांधावर जाऊन चतुःसीमा पाहतो, तसंच हे आहे.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा घेतला जातो: उत्तम कारागिराने साध्या शेव्हेलवर एलएस६ इंजिन, योग्य गिअरबॉक्स, योग्य ब्रेक बसवले, तर ती गाडी तशीच पळते, तसाच आवाज करते. कदाचित मूळ गाडीपेक्षा सुरक्षितही असते. मग पट्टीवरच्या चार अंकांसाठी कित्येक पट पैसे का? चालवण्याचा आनंद हवा असेल त्याने अशी गाडी जरूर घ्यावी. मी तर म्हणेन, तीच घ्यावी. विकणारा ती नक्कल म्हणूनच विकत असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही. पण जुन्या गाडीची किंमत पळण्याची नसते. आजची साधारण वेगवान मोटारही त्यांतल्या बहुतेकींना मागे टाकेल. लोक पैसे देतात ते १९७० साली एका विशिष्ट कारखान्यात खरोखर घडलेल्या गोष्टीला. नक्कल कितीही बनवता येतात, त्यांच्या संख्येला वरची मर्यादा नाही. ४,४७५ ही मर्यादा मूळ गाड्यांना आहे आणि ती मर्यादा ओळखता येते ती फक्त पुराव्यावरून. पुरावा काढून घेतला, तर खरी एलएस६ आणि तिची नक्कल बाजारात एकाच भावाने जायला हवी. आणि कागद हरवलेल्या खऱ्या गाड्यांना नेमका हाच फटका बसतो.

चकचकीत रंगकाम की जुनाट मूळ अवस्था, हा वादही याच मापाने सुटतो. १९८० आणि ९० च्या दशकांत गाडी पूर्ण खोलून नवी कोरी करण्याची मोठी हौस होती. प्रत्येक वेळी रंग खरवडला की कारखान्याच्या खुणाही गेल्या. आज न छेडलेल्या गाडीला मान आहे तो यामुळे, की तिच्यावर वाचता येईल असं खूप काही शिल्लक आहे. याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्क्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग जीटी ३९०. त्या वर्षी मस्टँग बनल्या तीन लाखांवर. उत्पादनाच्या आकड्यात शोधलं तर या गाडीत विशेष काहीच नाही. १९७४ साली एका कुटुंबाने ती जाहिरात बघून ६,००० डॉलरला घेतली. १९७७ मध्ये मॅक्क्वीनने स्वतः पत्र लिहून ती परत मागितली, ती त्यांनी दिली नाही. गंजलेली, रंग उडालेली ही गाडी २०१८ मध्ये लोकांसमोर आली आणि जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात ३४ लाख डॉलरच्या बोलीवर, कमिशन धरून ३७ लाख ४० हजारांना गेली. क्रमांक जुळत होता, चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यांसाठी खाली जोडलेल्या पट्ट्यांच्या खुणा होत्या, पत्र होतं. कुणी हौसेने तिचा पत्रा बदलून नवा हिरवा रंग मारला असता, तर तिच्याच अंगावरचे निम्मे साक्षीदार गेले असते.

शेवटचा आक्षेप पिढीचा आहे. या गाड्यांवर जीव टाकणारी माणसं आता सत्तरीच्या घरात आहेत, ती गेल्यावर भाव पडणार नाहीत का? काही पडतील, आणि पडावेतही. २००५-०७ च्या तेजीनंतर मंदीत ते पडले होतेच. पण पडताना सगळे सारखे पडत नाहीत. जून २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात १९७१ ची एक हेमी कूडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली. त्या वर्षी अशा अकराच बनल्याचं मानलं जातं. मे २०२१ मध्ये इंडियानापोलिसला तसल्याच एका गाडीवर ४८ लाखांची बोली लागली आणि मालकाने ती नाकारली. तो आकडा विक्रीचा नाही, त्यामुळे भाव म्हणून तो सांगणं चूक. पण इतक्या वरच्या टोकाला गाडीच्या खरेपणाचा वाद शिल्लक राहिलेला नसतो, एवढं त्यातून दिसतं. आठवणींवर उभी असलेली मागणी आधी ओसरेल ती मधल्या फळीत. अर्धवट कागदांच्या, जुळवलेल्या अंकांच्या, ‘बहुधा खरी’ म्हणून विकल्या गेलेल्या गाड्यांचे भाव आधी उतरतील, आणि आजच्या खरेदीदाराने पैसे तिथेच जपून मोजावेत.

कागद अजूनही सापडतात. गाडी जुळवणाऱ्या कामगारांसाठी छापलेला सामानाचा तक्ता काम झाल्यावर कारखान्यात कुठेतरी खोचला जाई. प्लिमथची मालक असलेल्या क्रायस्लरच्या गाड्यांत तो सीटच्या स्प्रिंगांत किंवा गालिच्याखाली मिळतो, शेव्हेलमध्ये बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या वर चिकटलेला असतो. एलएस६ ची नोंद इतर कुठेच नसेल तर सगळी भिस्त त्या तेलकट, करपलेल्या कागदावर असते. म्हणून जुन्या शेव्हेलची टाकी कधी उतरवायची झाली, तर पट्टे सोडायच्या आधी खाली आरसा आणि टॉर्च धरून वरची बाजू बघावी, कागद दिसला तर आहे त्या जागीच त्याचे फोटो काढावेत, आणि मगच टाकी सरळ खाली घ्यावी, जराही न फिरवता.